जेमॅलॉकचं पॅकेज: आर्म-६४ वर पेज साइझ किती धरावी?

मंडळी, मदत हवी आहे. एका लिनक्स डिस्ट्रोसाठी जेमॅलॉकचं (प्रोग्रामना मेमरी वाटून देणारी लायब्ररी) पॅकेज बांधतोय. एक्स८६-६४ वर काही प्रश्न नाही, तिथे पेज (कर्नल ज्या ठरावीक तुकड्यांत मेमरी सांभाळतो तो तुकडा) ४ केबीचंच. घोडं अडलंय आर्म-६४ वर. तिथे कर्नल ४, १६ किंवा ६४ केबी पेजचा असू शकतो, आणि जेमॅलॉक पेज साइझ बिल्डच्या वेळीच पक्की करतो. बिल्ड मशीनवर ४ केबी होती, कॉन्फिगरने (बिल्डआधी चालणारी स्क्रिप्ट) तीच उचलली. ६४ केबीवाल्या कर्नलवर ही लायब्ररी एलडी-प्रीलोडने (प्रोग्राम सुरू होताना एखादी लायब्ररी आधी लोड करायची सोय) लावली की साधी एलएस कमांडसुद्धा ‘अनसपोर्टेड सिस्टम पेज साइझ’ म्हणून मान टाकते.

कॉन्फिगरच्या ‘विथ-एलजी-पेज’ पर्यायाला १६ दिलं (२ चा १६वा घात, म्हणजे ६४ केबी) की सगळीकडे चालतं, कारण मोठ्या पेजसाठी बांधलेली लायब्ररी लहान पेजवर चालते, उलट नाही. पण मग स्लॅबही (छोट्या मागण्या ज्यातून भागवल्या जातात ते मेमरीचे ठोकळे) ६४ केबीच्या पटीत. कमी रॅमच्या, ४ केबीवाल्या बोर्डांवर आरएसएस (प्रोग्रामने प्रत्यक्ष व्यापलेली रॅम) किती फुगतो, कुणी मोजलंय का? विशेषतः भरपूर थ्रेड असलेल्या सर्व्हरवर?

दोन वेगळी पॅकेजेस करता येतील, पण सोनेम (प्रोग्राम ज्या नावाने लायब्ररी शोधतात ते) एकच, म्हणजे एकमेकांशी कॉन्फ्लिक्ट (दोन्ही एकत्र बसवता येणार नाहीत अशी नोंद) लिहायचा आणि निवड वापरणाऱ्याच्या गळ्यात मारायची. मला ते पटत नाही. तुम्ही काय केलं असतं?