मदत हवी आहे: फियाटचा इग्निशन स्विच कोठे मिळेल?

घाटवाट
नमस्कार. आमच्या फियाटचा इग्निशन स्विच खराब झाला आहे आणि नवीन स्विच कोठे मिळेल, एवढीच माहिती हवी आहे. किल्ली फिरवल्यावर सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) कधी लागतो, कधी लागत नाही; गेल्या आठवड्यात तर चालत्या गाडीत किल्लीला गुडघा लागला आणि इंजिन बंद पडले. नेहमीच्या वायरमनचे म्हणणे असे की हा माल आता येत नाही, पुशबटन बसवून घ्या. वडिलांनी इतकी वर्षे जपलेल्या गाडीच्या डॅशबोर्डला भोक पाडायला मी तयार नाही. गणपतीसाठी गाडी पुण्याहून चिपळूणला न्यायची आहे, म्हणून कृपया लवकर सांगावे. दुकान कोणत्या भागात आहे तेवढे कळले तरी पुरे.

जुनी_यंत्रे
नमस्कार. "फियाट" एवढ्यावरून काहीच सांगता येत नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ नंतर निघालेली ११०० डिलाइट, त्यानंतरची प्रेसिडेंट आणि १९७४ पासूनची पद्मिनी, या सर्वांना लोक फियाटच म्हणतात. गाडी कोणत्या वर्षाची आहे? पेट्रोल की डिझेल? स्विच डॅशबोर्डवर आहे की स्टिअरिंगच्या दांड्यावर? सेल्फ किल्लीनेच लागतो की वेगळा खटका आहे? मागच्या बाजूला किती टर्मिनल (वायर जोडण्याच्या जागा) आहेत आणि त्यांच्याजवळ आकडे कोरलेले आहेत का? एवढे कळल्याशिवाय कोणी दुकान सांगितले, तरी तेथे जाऊन आपण काय मागणार?

काळीपिवळी
मुंबईत ऑपेरा हाउसच्या आसपासची स्पेअर पार्टची दुकाने आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, ही दोन ठिकाणे आधी पाहावीत. पुण्यात रविवारी आणि बुधवारी जुना बाजार भरतो, तेथेही फियाटचे सामान अधूनमधून दिसते. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत भरून रस्त्यावरून उतरली. टॅक्सी होत्या तोवर हा माल रोज खपत होता. आता ज्यांच्याकडे शिल्लक आहे ते तो एकगठ्ठा काढून टाकत आहेत, म्हणून उशीर करू नये. जुना स्विच हातात घेऊनच दुकानात जावे. तोंडी वर्णन ऐकून दुकानदार समोर असेल तोच नग देतो.

शेतमळा
माझा अनुभव सांगतो. माझ्या पद्मिनीला मी ट्रॅक्टरचा चार टर्मिनलचा स्विच बसवला आहे आणि तो उत्तम चालतो. तालुक्याच्या कोणत्याही दुकानात मिळतो, स्वस्त असतो, शिवाय धूळ आणि पाऊस सोसेल असाच बनवलेला असतो. दुर्मीळ वस्तूच्या मागे धावण्यापेक्षा जे मिळते ते वापरावे.

जुनी_यंत्रे
शेतमळा, आपला सल्ला मला मान्य नाही. अनेक ट्रॅक्टरांच्या किल्ल्या सरसकट एकसारख्या असतात आणि एकाची किल्ली दुसऱ्याला सहज लागते. गणपतीत गावी रस्त्याकडेला उभी राहणारी गाडी अशा स्विचच्या भरवशावर ठेवणे मला योग्य वाटत नाही. दुसरे असे की डॅशबोर्डच्या भोकाचा व्यास जुळला नाही, तर ते कानस लावून मोठे करावे लागेल, आणि धागाकर्त्यांना नेमके तेच नको आहे.

शेतमळा
चोराला गाडी न्यायचीच असेल, तर जुन्या फियाटचे कोणतेही कुलूप त्याला अडवू शकत नाही. मी बॅटरीला कट-ऑफ स्विच लावला आहे. तो ज्याने त्याने लावावाच.

मॉरिस_लेस्टर
मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो आणि माझ्याकडे मॉरिस मायनर आहे. तिच्या स्विचचे काम मी घरीच केले. ते अगदी सोपे आहे: तपकिरी वायर बॅटरीकडून येते, पांढरी कॉईलकडे (ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज तयार करणारी गुंडाळी) जाते आणि पांढऱ्यावर लाल पट्टी असलेली सेल्फच्या सोलेनॉइडकडे (सेल्फला करंट जोडणारा विद्युत खटका). या तीन वायरी ओळखल्या की काम झाले. गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे की निगेटिव्ह, म्हणजे बॅटरीचे कोणते टोक बॉडीला जोडले आहे, हेही पाहून घ्यावे. ल्युकास (इंग्रजी गाड्यांचे विजेचे सामान बनवणारी कंपनी) पद्धतीचे स्विच येथे सहज मिळतात, हवा असल्यास पाठवण्याची व्यवस्था करता येईल.

जुनी_यंत्रे
ल्युकासचे रंग इंग्रजी गाड्यांसाठी आहेत. फियाटची वायरिंग मुळात इटालियन आराखड्यावरची आहे, तेथे तपकिरी आणि पांढऱ्याचा तो अर्थ लागू होत नाही. शिवाय पन्नास वर्षांत किती वायरमननी कोणत्या रंगाची वायर जोडली असेल, हे कोणी सांगावे? रंगावर विसंबून जोडणी केली, तर स्विच आणि वायरिंग दोन्ही जळतील. आकडे पाहावेत: ३० म्हणजे बॅटरीकडून थेट येणारा करंट, १५ म्हणजे किल्ली चालू केल्यावर कॉईलकडे जाणारा, ५० म्हणजे सेल्फ. आकडे पुसले गेले असतील तर मल्टीमीटरने (व्होल्ट मोजण्याचे यंत्र) शोधावेत.

घाटवाट
सर्वांचे आभार, पण मी फक्त दुकान विचारले होते. तरीही तपशील देतो. गाडी १९७० ची डिलाइट, पेट्रोलवरची. स्विच डॅशबोर्डवर आहे आणि सेल्फ किल्लीनेच लागतो. टर्मिनल चार आहेत, त्यांपैकी ३० आणि ५० एवढेच वाचता येते. एका टर्मिनलभोवतीचे काळे बेकेलाइट (जुन्या प्रकारचे कडक प्लास्टिक) करपून त्याचा तुकडा पडला आहे. किल्ली सैल झाली आहे, परंतु कुलूप व्यवस्थित फिरते.

नोंदवही
गाडी १९७० ची असेल, तर तिला व्हिंटेज नोंदणी मिळू शकते. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हीए अक्षरांची स्वतंत्र क्रमांकमालिका मिळते, शुल्क २०,००० रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षे चालते. मात्र गाडी मूळ स्वरूपात असावी लागते, म्हणून पुशबटन मुळीच बसवू नये.

काळीपिवळी
नोंदणीविषयी कोणी विचारलेले नाही, तरी गैरसमज राहू नये म्हणून लिहितो. त्या नियमांत मोठे फेरबदल नसावेत असे जे म्हटले आहे, ते चासी, बॉडी आणि इंजिन यांच्याविषयी आहे. स्विच बदलल्याने नोंदणी अडणार नाही. शिवाय व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, आणि धागाकर्त्यांना तर ती चिपळूणला न्यायची आहे.

जुनी_यंत्रे
करपलेले बेकेलाइट हा खरा मुद्दा आहे, आणि तो पहिल्याच प्रश्नात यायला हवा होता. स्विच केवळ वयाने गेलेला नाही, तो तापून गेला आहे. ज्या कारणाने तो तापला ते तसेच राहिले, तर नवा स्विचही त्याच वाटेने जाईल. हेडलाइटला कोणते बल्ब आहेत? किल्ली काढल्यावर हेडलाइट लागतात का? किल्ली चालू ठेवून मल्टीमीटरचे एक टोक ३० वर आणि दुसरे करपलेल्या टर्मिनलवर लावा, आणि हेडलाइट बंद असताना व चालू असताना किती व्होल्ट दिसतात ते लिहा. चांगल्या स्विचमध्ये हा फरक ०.२ व्होल्टच्या आत असतो. हे मोजायला वेळ लागला, तर कॉईलची वायर काढून ठेवा. इंजिन बंद असताना किल्ली बराच वेळ चालू राहिली, तर कॉईल तापते आणि पॉइंट (कॉईलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) जळतात.

घाटवाट
मोजले. हेडलाइट बंद असताना ०.३ आणि चालू केल्यावर १.५ व्होल्ट. थोड्या वेळाने टर्मिनलला बोट लावता येत नव्हते. किल्ली काढल्यावर हेडलाइट लागत नाहीत. बल्ब १००/९० वॅटचे (लांबच्या झोताला, म्हणजे अपरला १०० आणि जवळच्या झोताला, म्हणजे डिपरला ९०) हॅलोजन आहेत. कुंभार्ली घाटात रात्री धुके असते, म्हणून एका गॅरेजने ते बसवून दिले होते.

जुनी_यंत्रे
कारण सापडले. १०० वॅटचे दोन बल्ब बारा व्होल्टवर सोळा अँपिअरहून अधिक करंट घेतात आणि तो सगळा करंट तुमच्या गाडीत या लहानशा स्विचमधून जातो. त्यावर दीड व्होल्ट खर्च होतात म्हणजे स्विचच्या पोटात सुमारे २४ वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंग आयर्न तेवढ्यावर चालते. त्या काळचे साधे बल्ब ४५/४० वॅटचे असत, त्यांना हा स्विच पुरत होता. घाटाच्या वळणावर हा संपर्क तुटला, तर इंजिन आणि हेडलाइट एकाच क्षणी जातील, म्हणून कृपया अशा अवस्थेत रात्री गाडी काढू नका.

माझा आग्रह असा की आधी रिले (थोड्या करंटने चालून मोठा करंट जोडणारा विद्युत खटका) बसवावेत, मग स्विच शोधावा. डिपरसाठी एक आणि अपरसाठी एक असे दोन रिले घ्यावेत. हेडलाइटकडे सध्या जाणारी वायर रिलेच्या ८६ वर जोडावी, ८५ अर्थला, ३० वर बॅटरीकडून फ्यूज लावून नवी जाड वायर आणावी आणि ८७ वरून बल्बला करंट द्यावा. मग स्विचमधून फक्त रिलेच्या गुंडाळीचा करंट जाईल, आणि तो अर्ध्या अँपिअरहूनही कमी असतो. बल्ब ६०/५५ चे घ्यावेत. पूर्ण व्होल्टेज मिळाले की ते आजच्या १००/९० पेक्षा कमी पडणार नाहीत. यात डॅशबोर्डला कोठेही हात लागत नाही आणि रिले बॉनेटखाली राहतात.

शेतमळा
रिलेच्या बाबतीत मी पूर्ण सहमत आहे. माझा ट्रॅक्टरचा स्विच टिकला, त्याचेही कारण बहुधा तेच आहे.

काळीपिवळी
आता स्विचविषयी. आपले कुलूप चांगले आहे, म्हणून दुकानात "डिलाइटचा चार टर्मिनलचा किल्ली स्विच" मागावा आणि केवळ मागचा भाग मिळतो का, हेही विचारावे. पूर्ण स्विच मिळाला तर जुने कुलूप त्यात बसते का ते दुकानातच पाहावे, म्हणजे वडिलांच्या वेळची किल्ली चालू राहील. नवीन पाकिटातल्या मालावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. काहींचे टर्मिनल हाताने हलतात, असा नग घेऊ नये. न वापरलेला जुना साठा मिळाला, तर दोन पैसे जास्त देऊनही तोच घ्यावा.

मॉरिस_लेस्टर
मिळालाच नाही, तर मूळ स्विच उघडून दुरुस्त करता येईल का? मी येथे तसे केले होते. कडेच्या वाकवलेल्या पट्ट्या सरळ केल्या की मागचा भाग सुटतो. उघडताना तो पिशवीत धरावा, कारण आतील स्प्रिंग आणि छर्रा उडून हरवतात. तांब्याचे संपर्क बारीक पॉलिश पेपरने घासावेत.

जुनी_यंत्रे
एरवी हो, आणि हा सल्ला चांगला आहे. परंतु बेकेलाइटचा तुकडा पडला असल्याने त्या टर्मिनलला आधारच राहिलेला नाही. ते सरकून बॉडीला लागले, तर फ्यूज नसलेल्या मुख्य वायरला आग लागू शकते. या गाडीसाठी दुरुस्ती नको, बदलच हवा.

घाटवाट
रिलेचे काम उद्याच वायरमनकडून करून घेतो आणि रविवारी स्विच घेऊन आधी जुना बाजार, तेथे न मिळाल्यास ऑपेरा हाउस. एक शंका राहिली: स्विच काढून नेल्यावर मागे सुटलेल्या वायरींचे काय करावे?

जुनी_यंत्रे
स्विचला हात लावण्यापूर्वी बॅटरीची अर्थ वायर काढावी. ३० ची वायर फ्यूजशिवाय थेट बॅटरीवरून येते, तिचे टोक टेपने पूर्ण गुंडाळावे. प्रत्येक वायरीला कागदी चिठ्ठी बांधून टर्मिनलचा आकडा लिहावा. ज्या दोन टर्मिनलचे आकडे वाचता येत नाहीत, ती स्विच काढण्याआधीच मल्टीमीटरने ओळखावीत आणि मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवावा.