मार्क कमी, हट्ट डॉक्टरकीचा: तुमचे अनुभव लिहा

अबोली_ओहायो

आमच्या क्लिनिकात एक स्क्राइब आहे. मी पेशंटशी बोलत असते तेव्हा कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन सगळं टाइप करणारा मुलगा. बावीस वर्षांचा, आईवडील सुरतचे. इथे हे काम करणारी पोरं बहुतेक मेडिकलच्या रांगेतलीच असतात. काल जेवताना त्यानं डबा उघडला, थेपल्यांना हातही लावला नाही आणि खाली बघत विचारलं, 'डॉक्टर, २.९ जीपीएवर कुणी घेतं का?' (जीपीए म्हणजे कॉलेजच्या सगळ्या ग्रेडची सरासरी, ४ पैकी.)

माझ्या पोटात खड्डा पडला. माझा २.८७ होता. क्लिनिकात कुणाला माहीत नाही. नवऱ्याला आहे, सासूबाईंना नाही. (सासूबाई इथे वाचत नाहीत. वाचत असाल तर नमस्कार करते.)

झालं असं की आत्यानं भरलेला ग्रीन कार्डचा फॉर्म बारा वर्षांनी पास झाला आणि २००४ मध्ये आम्ही इचलकरंजीहून उठून न्यू जर्सीत आलो. मी सतरा वर्षांची, वर्गात पहिल्या तिनात येणारी. बाबा गोदामात रात्रपाळीला, आई पॅकिंगला, मी पहाटे पाच ते नऊ डोनटच्या दुकानात. साडेनवाला ऑरगॅनिक केमिस्ट्री, तीनशे मुलांचा वर्ग, माझ्या अंगाला कॉफीचा वास. प्राध्यापक तासानंतर शंका विचारायला बोलवायचे, मी चार वर्षांत एकदाही गेले नाही. इंग्रजी अडखळेल म्हणून. यात दोष कुणाचा नाही, लाज माझी होती. ऑरगॅनिकच्या दोन्ही सेमिस्टरना सी, फिजिक्सच्या दोन्हींना सी. सल्लागार बाईंनी गोड हसून 'पब्लिक हेल्थचा विचार केलायस का?' असं विचारलं. त्या हसण्याचा अर्थ बसमध्ये बसल्यावर कळला.

पदवीनंतर दोन वर्षं दिवसा हॉस्पिटलात रक्त काढायचं काम आणि संध्याकाळी पुन्हा कॉलेज. ३० क्रेडिट, सगळे ए. आता गंमत बघा. १२० क्रेडिटवर २.८७ असेल तर वर ३० क्रेडिटचे पैकीच्या पैकी मिळवूनसुद्धा बेरीज ३.१० च होते. जुने सी पुसले जात नाहीत, एमडीच्या (म्हणजे आपल्या एमबीबीएससारखी इथली पदवी) फॉर्मवर दोन्ही मोजतात. डीओच्या (डॉक्टरकीचीच दुसरी पदवी, मी तीच केली) फॉर्मवर तेव्हा पुन्हा दिलेल्या विषयाचा नवा ग्रेडच धरायचे, त्यामुळे तिथे माझा ३.२३ झाला. ती सोय २०१७ मध्ये बंद झाली. आणि एमडीला घेतात त्यांची सरासरी ३.७ च्या वर!

एमकॅट, म्हणजे इथली मेडिकलची प्रवेश परीक्षा, ३१, जुन्या ४५ पैकी. पहिल्या वर्षी १८ अर्ज, एकही मुलाखत नाही. दुसऱ्या वर्षी दोन मुलाखती, एका ठिकाणी वेटिंग. जून २०१३ मध्ये फोन आला तेव्हा देशी दुकानात मेथीच्या जुड्या बघत होते. जुडी तिथेच टाकून बाहेर पळाले, दुकानदाराला वाटलं चोरी केली.

त्या मुलाला काल काहीच सांगितलं नाही मी. 'बघू' म्हणाले. म्हणून इथे लिहितेय. तुमचं काय झालं?

चहाबाज

पहिला! सविस्तर रात्री. चिरंजीवांचा सराव पेपर चालू आहे, घरात टाचणी पडली तरी ओरडा बसतो.

बार्शीकर

ताई, तुमच्याकडे चार वर्षांचा हिशोब मागतात, आमच्याकडे तीन तासांचा. माझं बीएस्सी दोन एटीकेट्या (नापास विषय पुढच्या वर्षात ओढत नेणं) घेऊन झालंय. नीटला ते कुणी विचारलंसुद्धा नाही. बारावीच्या पीसीबीला खुल्या वर्गात ५० टक्के लागतात, मला ३०० पैकी १५४. त्यातही प्रॅक्टिकलचे ९० पैकी ८६, सरांची कृपा. म्हणजे चार मार्कांनी वाचलो.

बीएस्सी संपवून तीन वेळा नीट दिली. तेव्हा २५ ची वयोमर्यादा असायची (२०२२ मध्ये काढली ती), कोर्टात कोण काय म्हणतंय ते रोज पेपरात बघायचो. तिसऱ्यांदा शेवटच्या फेरीत नंबर लागला. पहिल्या वर्षाला अॅनाटॉमीच्या हॉलमध्ये सगळी सतराअठराची पोरं मला 'काका' म्हणायची. रॅगिंग करायला आलेला सीनियर माझ्याहून तीन वर्षांनी लहान निघाला, तोच म्हणाला 'बसा ना'.

आता बाँडवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेत, प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. विंचू, साप, बाळंतपण आणि सर्टिफिकेट मागायला येणारे पाहुणे.

सुमाकाकू

मेथीची जुडी :) :) फार छान लिहिलंस गं.

नाना_सातारकर

आमच्या वेळी हे नीटबीट नव्हते. इंटर सायन्सचे मार्क आणि संपला विषय. ७२ च्या दुष्काळात आमच्या गावात विहिरीला पाणी नव्हते, अभ्यास कसला करता. मार्क कमी पडले, बीएस्सी केले आणि औषध कंपनीत एमआर झालो. छत्तीस वर्षे बॅग घेऊन डॉक्टरांच्या बाकावर बसलो. पेशंट मला विचारायचे, 'नंबर कितवा?' मी म्हणायचो, 'चुकला.'

बार्शीकर, बार्शीत भगवंत मंदिराच्या बोळात एक भजीवाला होता, आहे का अजून?

बार्शीकर

नाना, मी गेली आठ वर्षं बार्शीबाहेर. आईला विचारतो.

टेकडीवरचा

अडाणी प्रश्न. डीओ म्हणजे आपल्याकडचं बीएचएमएससारखं का, होमिओपॅथीवालं? माझा मेहुणा पिट्सबर्गला असतो, तो म्हणाला डीओ 'खरे' डॉक्टर नसतात.

अबोली_ओहायो

मेहुणे काय करतात? :)
नाही हो. ऑपरेशन, औषधं, सगळं एमडीसारखंच, परवान्यात फरक नाही. वर हाडास्नायूंवर हातानं करायचे उपचार शिकवतात, ते वेगळं. २०२० पासून रेसिडेन्सीसुद्धा (पदवीनंतरचं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण) एकाच छताखाली. पण मंडळाच्या गणेशोत्सवात अजून विचारतात, 'डीओ म्हणजे डोळ्यांची का?' पूर्वी समजावून सांगायचे. आता 'हो' म्हणते, निदान कुणी गुडघा दाखवत नाही.

डॉ_कणिक

'बीएचएमएससारखं' हे वाचलं. हाताला कणीक आहे, येते.

टेकडीवरचा

अरे बापरे. माफी आगाऊ.

रानजाई

लिहू का नको करत होते.
नीटला ७२० पैकी ४११, ४४८, ४३९. तीन वर्षं. लातूर, औसा रोडची खोली, चार मुली, एक खिडकी. दुसऱ्या वर्षी ४४८ आले तेव्हा सर म्हणाले, आता सोडलंस तर दोन वर्षं वाया. तिसऱ्या वर्षी ४३९ आल्यावर तेच सर म्हणाले, प्रत्येकाची कुवत असते. निकालाच्या दिवशी पप्पांनी फोनवर एवढंच विचारलं, 'जेवलीस का?' मी अजून ते वाक्य ऐकलं की उठून दुसऱ्या खोलीत जाते.

आता मी त्याच परीक्षेचं बायोलॉजी शिकवते. मुलं म्हणतात, मॅडम तुम्हाला एनसीईआरटीचं पान नंबरासकट पाठ आहे. असणारच. तीन वर्षं दुसरं वाचलंच काय?
सगळ्यांच्या गोष्टीत शेवटी फोन येतो, मेथी पडते. ज्यांना फोन येत नाही ते असे धागे उघडत नाहीत. आज उघडला.

सुमाकाकू

अगं बाई. ये इकडे, जवळ बस.

अबोली_ओहायो

रानजाई, बरोबर बोललात. माझ्याबरोबर संध्याकाळच्या वर्गात अकरा जण होते. पोचलो तिघं. बाकीच्या आठांबद्दल मी वर एक ओळ लिहिली नाही.

काळीमिरी

औसा रोड?? कुठलं साल? आमची मेस होती त्या बाईंची, डाळीत बोट घातलं तर बोट स्वच्छ निघायचं.

रानजाई

२०१७ ते २०. रविवारी अंडाकरी, एका ताटात अर्धं अंडं?

काळीमिरी

अर्धं!! आणि जास्तीचं मागितलं की 'उद्या पेपर आहे ना, जड होईल'. मी २०१८. आपण एकाच रांगेत उभ्या राहिलो असणार.

डॉ_कणिक

आले. टेकडीवरचा, रागावले नाही, सवय आहे. २००३ ची सीईटी. घरी सगळे डॉक्टर, मी एकटीच 'पॅरालल'. बीएचएमएस लागलं. आजोबा पाहुण्यांना सांगायचे, 'आमची नात मेडिकललाच आहे', आणि पुढचा प्रश्न यायच्या आत चहा मागवायचे. लग्नाच्या बायोडाटात नुसतं 'डॉक्टर' लिहिलेलं, खाली शिक्षण बारीक अक्षरात. पुढे राज्यात होमिओपॅथांना अॅलोपॅथीची औषधं देता यावीत म्हणून तो एक वर्षाचा फार्माकॉलॉजीचा सीसीएमपी कोर्स निघाला, तो मी पस्तिशीत केला, धाकटीला पाळणाघरात ठेवून. त्यावरची भांडणं आजतागायत चालू आहेत, त्यात इथे पडत नाही. माझ्या वस्तीत रात्री दोनला दार उघडणारी मी एकटी आहे, एवढं खरं.
पोळ्या करपल्या.

हर्षूची_आई

आमच्याकडचं वेगळंच. मुलाला नीटमध्ये पात्रतेपुरते मार्क पडले. इथे खासगीचा आकडा ऐकून हे खुर्चीत बसले ते उठेनात. मग युक्रेन, खारकीव. तिसऱ्या वर्षाला होता आणि फेब्रुवारी २०२२. मेट्रो स्टेशनात सहा रात्री. फोनची बॅटरी वाचवायला दिवसातून एकदाच 'आहे' एवढा मेसेज. मी देवापुढे बसायची आणि यांनी टीव्ही लावलेला, अँकर ओरडतोय, यांचं लक्ष खालच्या पट्टीवर. चालत, मग रेल्वेनं ल्वीव, मग पोलंड, मग विमान. मुंबईला उतरला तेव्हा पाठीवर अॅनाटॉमीचं एक जाड पुस्तक. सगळं टाकलं आणि ते आणलं! मी विमानतळावर आधी त्यावरूनच ओरडले.
पुढे बदली घेऊन जॉर्जियात पूर्ण केलं. आता इथली एफएमजीई, परदेशात शिकून आलेल्यांची परीक्षा. ३०० पैकी १५० लागतात. पहिल्यांदा १४७. सध्या दार लावून बसलाय. शेजारचे विचारतात, 'अजून शिकतोच आहे का?'

बार्शीकर

काकू, १४७ म्हणजे दार उघडलेलंच आहे, फक्त ढकलायचंय. माझ्या रूममेटनं चौथ्या वेळी काढली. त्याच्या नोट्स आहेत, हव्यात का विचारा मुलाला.

हर्षूची_आई

विचारते. आत्ता जेवायला बाहेर येईल तेव्हा.

नवीन_आयडी_०१

हाय. माझा मराठी चुकला तर सॉरी, बोलून टाइप करते आहे. टेक्सास. सोफोमोर, म्हणजे कॉलेजचं सेकंड इयर. माझा जीपीए २.४ आहे. आईबाबांना मी ३.६ सांगितला आहे. ते सगळ्यांना सांगतात की ती प्रीमेड आहे, म्हणजे मेडिकलला जाणार. थँक्सगिव्हिंगला घरी जायचं आहे. मी हा धागा तीन वेळा वाचला.

चहाबाज

बाळा, तू आधी पाणी पी.

टेकडीवरचा

टेक्सासमध्ये दहा वर्षांपूर्वीचे मार्क सोडून नव्यानं सुरू करायची काहीतरी सोय आहे म्हणे, त्याच मेहुण्यानं सांगितलेलं.

अबोली_ओहायो

या वेळी मेहुण्यांचं बरोबर आहे, तिला फ्रेश स्टार्ट म्हणतात. पण ते दहा वर्षं जुन्या क्रेडिटचं, आणि सगळेच जातात, चांगलेही. हिला आज उपयोग नाही.

नवीन आयडी, ऐक. सोफोमोर म्हणजे तुझे क्रेडिट अजून थोडे आहेत, म्हणजे आकडा अजून हलतो. माझा हलत नव्हता. या सेमिस्टरला किती विषय घेतलेस? जो बुडतोय तो सोडायची शेवटची तारीख आजच बघ. डब्ल्यू (विषय सोडल्याची खूण) दिसतो, पण सरासरीत धरत नाहीत, एफ (नापास) धरतात. आणि प्रोफेसरांच्या ऑफिसात जा. मी गेले नाही म्हणून सांगतेय. पुढच्या सेमिस्टरला विज्ञानाचे दोनच विषय घे, चार नको. ३.६ चं काय करायचं ते तू ठरव. मी आईला खोटं सांगितलं नव्हतं, कारण तिला जीपीए म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. मेसेज कर मला.

रानजाई

मलाही कर. केमिस्ट्री नाही येत मला, पण ऐकून घेईन.

चहाबाज

हां, आता माझं. चिरंजीव २०२४ ला ५१२. चार जूनचा निकाल, टीव्हीवर लोकसभा आणि आमच्या घरात सुतक. त्या वर्षी ५१२ ला सरकारी सोडाच, कुणी दारात उभं करेना, पहिल्या निकालात ७२० वालेच ६७ जण होते. २०२५ ला ४४१. बायको रडायला लागली, ७१ मार्क कमी! पण पेपरच असा आला होता की देशात पहिला आलेला ६८६ वर, आणि याची रँक उलट आधीपेक्षा वर. मार्क खाली, रँक वर, हे माझ्या आईला समजावता समजावता माझा रक्तदाब वर. बीएएमएस (आयुर्वेद) मिळत होतं, याला नकोय. तिसरा अटेम्प्ट चालू. मी काय करतो? चहा करतो.

नाना_सातारकर

चहाबाज, पोराला संध्याकाळी तासभर बाहेर सोडत जा.

बार्शीकर

नाना, आईला विचारलं. भजीवाला गेला, मुलगा बसतो आता. भजी तशीच आहेत म्हणे, मिरची लहान झालीय.

नाना_सातारकर

वा. या दिवाळीत जातो.

काळीमिरी

रानजाई, त्या मेसवाल्या बाईंचा नंबर आहे माझ्याकडे अजून. फोन करायचा का, अर्ध्या अंड्याचा हिशोब मागायला?

नवीन_आयडी_०१

फिजिक्स ड्रॉप केला. लास्ट डेट परवाच संपली असं वाटलं पण उद्या होती. बाबांना फोनवर सांगितलं. ते खूप वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले त्यांना सेकंड इयरला तीन केट्या होत्या. आईला अजून माहीत नाही. केटी म्हणजे काय?

बार्शीकर

:) :) :)

चहाबाज

सराव पेपर तपासला. ५३१. आलं संपलंय, खाली जाऊन येतो.