गिम्लेट, जिम्लेट की गिरमीट?

भाच्याने परवा जेवताना विचारलं, "मामा, जिम्लेट-आइड म्हणजे कसे डोळे रे?" मी स्पेलिंग विचारलं. जी, आय, एम, एल, ई, टी. म्हटलं, गिम्लेट म्हण. त्याला ते पटेना. जी नंतर आय आला की ज होतो, जिराफ बघ, जिंजर बघ, असं त्याचं म्हणणं. मी गिव्ह आणि गिफ्ट पुढे केले, तर म्हणाला, ते अपवाद. इंग्रजीत अपवाद दाखवून कुणाला हरवता येत नाही, हे मी विसरलो होतो.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, गिरमीट ते. तुझ्या पणजोबांच्या पेटीत असेल बघ, माळ्यावर."

पेटी खाली काढली. रंधा निघाला, दोन पटाश्या निघाल्या, दात गेलेली करवत निघाली. गिरमीट नव्हतं. कुणीतरी नेलं असणार आणि परत दिलं नसणार. हत्यारं आणि पुस्तकं यांचं नशीब सारखंच.

ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: वीतभर पोलादी दांडी, वर आडवी लाकडी मूठ, म्हणजे इंग्रजी टी अक्षराचा आकार, आणि खाली टोकाला आटे. एका हाताने पिळत गेलं की टोकाचे आटेच लाकडात शिरतात आणि मागची दांडी आत ओढून घेतात. फार जोर लावावा लागत नाही. खिळ्याने फळी तडकते तिथे आधी गिरमिटाने भोक पाडायचं आणि मग स्क्रू पिळायचा. मोठ्या भोकाला बरमा आणि दोरीने गरगर फिरवायचा तो सामता. ही तीन वेगळी हत्यारं आहेत, पण बोलताना लोक सर्रास एकाचं नाव दुसऱ्याला देतात.

आता त्या ग चं. इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकात जुन्या फ्रेंचमधून आला. तिथे तो गिंबले असा काहीसा होता आणि स्पेलिंगमध्ये जी नंतर यू होता. फ्रेंचमध्ये ई किंवा आय च्या आधी ग चा उच्चार ग च ठेवायचा असेल, तर मध्ये एक मुका यू घालतात. गिटारच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये तो अजून बसलेला आहे. गिम्लेटमधला इंग्रजांनी काढून टाकला, उच्चार मात्र तसाच ठेवला. म्हणजे भाचा ज म्हणतो त्यात त्याचा दोष नाही. वाटेवरची पाटीच कुणीतरी उचलून नेली आहे.

फ्रेंचमध्ये तरी हा ग कुठून आला? डच भाषेकडून. मध्ययुगीन डचमध्ये गिरमिटासारख्या हत्याराला विमल म्हणत. (आमच्या बिल्डिंगमध्ये एक विमलमावशी आहेत. त्यांना हे अजून सांगितलेलं नाही.) डच, जर्मन अशा जर्मानिक भाषांमधला शब्दारंभीचा व फ्रेंचांच्या तोंडी ग होत असे. आपल्या विल्यमचा त्यांच्याकडे गियोम झाला तो असाच. गंमत अशी की उत्तर फ्रान्सच्या बोलींनी हा व सोडला नाही आणि इंग्रजांनी दोन्हीकडून उसनवारी केली. त्यामुळे इंग्रजीत एकाच शब्दाच्या जोड्या सापडतात: वॉर्ड आणि गार्ड, वॉरंटी आणि गॅरंटी. आपण मिक्सर घेताना दुकानदाराशी वॉरंटी की गॅरंटी म्हणून हुज्जत घालतो, ते दोघे मुळात सख्खे भाऊ. तशीच तिसरी जोडी विम्बल आणि गिम्लेट. इंग्रजीत विम्बल हेही भोक पाडायचं हत्यारच, फक्त हा शब्द आता जवळजवळ कुणी वापरत नाही.

शेवटचा लेट म्हणजे बुकलेटमधला लेट नव्हे, पण अर्थाने लांबही नाही. डचमध्येच विमलला लघुत्वाचा प्रत्यय लागला होता, फ्रेंचमध्ये त्यांचा स्वतःचा लागला. तेव्हा गिम्लेट म्हणजे छोटा बरमा.

ऑगर या मोठ्या बरम्याच्या नावाची कथा याहून मजेदार आहे. जुन्या इंग्रजीत तो नाफोगार होता. त्यातलं नाफु म्हणजे चाकाचा मधला तुंबा आणि गार म्हणजे भाला. तुंब्याला भोक पाडणारा भाला. हे नाफु आणि आपली संस्कृत नाभि एकाच मुळातले, आणि संस्कृतातही चाकाच्या मध्याला नाभिच म्हणतात. पुढे 'अ नॉगर' म्हणता म्हणता न मागच्या अ ला चिकटला आणि 'अ‍ॅन ऑगर' झालं. नेप्रनचा एप्रन झाला तो असाच.

पुन्हा गिरमिटाकडे. रविवारी बोहरी आळीत गेलो. काउंटरवरच्या मुलाने ड्रिलचे बिट समोर मांडले. मागे गादीवर बसलेले चाचा म्हणाले, "गिरमीट? आता कोण नेतं साहेब? जुन्या बाजारात बघा." रविवारच होता, तसाच जुन्या बाजारात गेलो आणि मिळालं. मूठ चिरलेली, आटे शाबूत. विकणाऱ्याला विचारलं, याला काय म्हणता? माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "गिरमीट. काय म्हनायचं दुसरं?"

मला इथे खरं सांगायचंय ते हे. या माणसाने जी, आय, एम असलं काही आयुष्यात पाहिलं नसेल, आणि त्याचा ग बरोबर आहे. शब्द त्याच्या आजोबांकडे कानाने आला, भाच्याकडे डोळ्याने. ल चा र झाला, तो पुढे सरकला, म्लेटचं मीट झालं, सगळी मोडतोड झाली, पण पहिलं अक्षर शाबूत राहिलं. टंबलरचं टमरेल झालं तेव्हाही ल आणि र अशीच जागा बदलून बसले होते. आपल्या जिभेला ही सवयच आहे.

हत्यार का गेलं, तर स्क्रूने खाल्लं. पूर्वी लाकडाच्या स्क्रूचं टोक बोथट असे, आधी भोक पाडल्याशिवाय तो आत शिरतच नसे. १८४६ मध्ये अमेरिकेत थॉमस स्लोनने टोकदार स्क्रूचं पेटंट घेतलं. त्या टोकाला इंग्रजीत आजही गिम्लेट पॉइंटच म्हणतात. तेव्हा घरातल्या प्रत्येक स्क्रूच्या टोकाला एकेक गिरमीट आहेच. बाकी राहिलेलं काम ड्रिल मशिनने केलं.

भाच्याच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: गिम्लेट-आइड म्हणजे समोरच्याच्या आरपार बघणारे डोळे. आमच्या शाळेत गणिताच्या बाईंचे होते. जिन आणि लिंबाच्या सरबताचं एक मद्यही याच नावाचं आहे. ते कुणा नौदलाच्या डॉक्टरावरून पडलं अशी एक गोष्ट सांगतात. मला हत्यारावरूनच पडलं असावं असं वाटतं, गोष्टी रंगवायला डॉक्टर बरे असतात.

शेजारच्या काकांनी यात गिरमिटिया आणला, म्हणून त्याचंही सांगतो. तो गिरमीट वेगळा, अ‍ॅग्रीमेंटवरून आलेला. १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांहून जास्त माणसं पाच पाच वर्षांच्या करारावर फिजीला उसाच्या मळ्यांत नेली, त्या कागदाचं हे नाव, आणि त्यावर गेलेला मजूर तो गिरमिटिया. दोन इंग्रजी शब्द दोन वाटांनी येऊन एकाच उच्चाराला मिळाले, नातं काही नाही. हुबळी-धारवाडकडे चुरमुऱ्यांचं गिरमिट मिळतं. त्याचाही याच्याशी संबंध लावायचा मोह होतो, पण ते नुसतं मिरची भज्यांबरोबर खावं.

भाच्याने शेवटी एक शंका काढलीच. गिरमीट लिहिताना मी दुसरी वेलांटी देतो आणि गिरमिटाने लिहिताना पहिली, हे कसं? म्हटलं, वकील, वकिलाने. गरीब, गरिबाने. तो म्हणाला, "म्हणजे मराठीतही अपवाद?" अपवाद नव्हे, नियम आहे, असं मी सांगत होतो, तोवर आईने हाक मारली. देवघराच्या फळीला भोक पाडायचं होतं.