शार्दने: एकाच द्राक्षाच्या वाइन इतक्या वेगळ्या का?

प्रश्न

नमस्कार. फ्रान्समधील शाब्ली आणि अमेरिकेतील कॅलिफोर्निया येथील दोन पांढऱ्या वाइन नुकत्याच लागोपाठ चाखल्या. पहिली फिकट, लिंबासारखी आंबट आणि अंगाने हलकी होती. दुसरी सोनेरी, जड, लोणी व व्हॅनिलाच्या वासाची. दोन्ही शार्दने द्राक्षाच्या आहेत असे दुकानदाराने सांगितले, पण शाब्लीच्या बाटलीवर द्राक्षाचे नावच नव्हते. हा फरक हवामानामुळे पडतो की वाइन बनवण्याच्या पद्धतीमुळे, आणि बाटली उघडण्यापूर्वी तो कसा ओळखावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

द्राक्षाचे वाण एकच आहे. पिनो आणि गुए ब्लां या दोन जुन्या वाणांच्या संकरातून शार्दने निर्माण झाले, हे १९९९ मध्ये डीएनए चाचणीने सिद्ध झाले. मस्कत या द्राक्षाच्या वाणासारखा स्वतःचा ठसठशीत सुगंध त्याला नाही, त्यामुळे बागेचे हवामान आणि बनवणाऱ्याचे निर्णय त्याच्या वाइनमध्ये फार स्पष्ट उमटतात. माझ्या मते हेच त्याचे मोठेपण आहे.

शाब्ली हा बर्गंडी या फ्रान्समधील वाइनच्या प्रांताचा उत्तरेकडील थंड भाग आहे. तेथे द्राक्षे पिकली तरी त्यांतला आंबटपणा टिकून राहतो. चुनखडीयुक्त मातीत जुरासिक काळातील इवल्या कालवांचे शिंपले सापडतात. वसंतात कोंब फुटल्यावर रात्री पारा शून्याखाली गेला, तर शेतकरी ओळींमधून मेणाच्या मोठ्या शेगड्या पेटवतात किंवा वेलींवर सतत पाणी फवारतात, कारण ते पाणी गोठताना सोडत असलेली ऊब कोंबाला वाचवते. कॅलिफोर्नियाच्या उन्हात द्राक्षांत साखर जास्त भरते, म्हणून मद्यार्क वाढतो आणि पीच व अननसाची चव येते.

प्रतिसाद २

लोण्याचा वास मात्र उन्हाने येत नाही. साखरेचा मद्यार्क झाल्यानंतर जिवाणू वाइनमधील मॅलिक आम्लाचे, म्हणजे हिरव्या सफरचंदातल्या तीव्र आम्लाचे, सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात आणि त्या ओघात डायअॅसिटिल नावाचे द्रव्य तयार होते. खऱ्या लोण्याच्या वासातही हेच द्रव्य असते. व्हॅनिला येतो तो ओकच्या पिंपातून: पिंप बनवताना त्याची आतली बाजू विस्तवावर भाजतात, आणि पिंप जितके नवे तितका हा वास अधिक उतरतो. बर्गंडीतील नेहमीचे पिंप २२८ लिटरचे असते. त्यात तळाशी बसलेला यीस्टचा गाळ अधूनमधून ढवळला, की वाइनला भरीवपणा येतो.

प्रतिसाद ३

वरील माहितीत एक भर घालणे आवश्यक वाटते. शाब्लीत हे आम्लाचे रूपांतर होत नाही असा समज आहे, तो बरोबर नाही. बहुतेक शाब्लीत ते होते. परंतु मुळातला आंबटपणाच जास्त असल्याने ती तरतरीत राहते, शिवाय वाइन गाळावर राहिली तर यीस्ट बरेचसे डायअॅसिटिल संपवते. बहुतांश शाब्ली स्टीलच्या टाक्यांत बनते, त्यामुळे व्हॅनिलाचाही प्रश्न येत नाही.

लेबलविषयी सांगायचे, तर बर्गंडीत गावाचे नाव हीच ओळख आहे. शाब्ली कायद्यानेच केवळ शार्दनेची असते. मेर्सो किंवा पुलिन्यी-मोंत्राशे या गावांची पांढरी वाइनही शार्दनेचीच, पण सहसा पिंपातली. इतर देशांच्या बाटलीवर द्राक्षाचे नाव असते, तेथे मागच्या लेबलवर ओकचा उल्लेख आहे का आणि मद्यार्काचे प्रमाण किती, हे पाहावे. साडेबारा टक्क्यांच्या आसपास असेल तर बहुधा हलकी, चौदाच्या पुढे असेल तर भारदस्त. आपल्याकडे अकलूजच्या परिसरातही शार्दने पिकते, तीही याच निकषांवर पारखून पाहावी. पिंपातली शार्दने बर्फगार पिऊ नये. साधारण १२ अंशांवर तिचा सुगंध मोकळा होतो, तर शाब्ली त्याहून थोडी गार चालते.