गोल्फ क्लबचा वाढता खर्च आणि वर्गणीवाढ : मदत हवी आहे

दांडियाबाजारकर
नमस्कार. मी आमच्या गोल्फ क्लबच्या व्यवस्थापन समितीत मानद खजिनदार आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत वर्गणीवाढीचा ठराव मांडायचा असून सभेची सूचना याच आठवड्यात काढावी लागेल. विजेचे बिल, डिझेल, खते, माळ्यांचे पगार, यंत्रांचे सुटे भाग सगळेच महागले आहे आणि वर्गणी मात्र कित्येक वर्षे आहे तिथेच आहे. आजवर तूट नव्या सभासदांच्या प्रवेश शुल्कातून भरून निघत असे, पण यंदा नवे सभासद फारसे आलेले नाहीत. समितीतील काही जणांना वर्गणी सरसकट वाढवायची आहे, तर काहींना एकदाच विशेष आकारणी करून मोकळे व्हायचे आहे. ज्यांनी असा निर्णय प्रत्यक्ष राबवला आहे त्यांनी कृपया लवकर लिहावे. वर्गणी वाढली की सभासद सोडून जातात, हे मी रोज ऐकतो. मला त्यापुढचे हवे आहे.

कोथरूडकर
वर्गणीला हातच लावू नका. बहुतेक क्लबांत मैदान तोट्यातच चालते आणि तो तोटा बार, भोजनगृह आणि सभागृहाचे भाडे यांतून भरून निघतो. प्रत्येक सभासदावर दरमहा किमान खर्चाची सक्ती करा. त्याने तेवढे खाल्ले-प्यायले नाही तरी रक्कम बिलात लागते. आमच्याकडे याच मार्गाने घडी बसली.

दांडियाबाजारकर
आम्ही वडोदऱ्यात आहोत. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे बारचे उत्पन्न हा विषयच येत नाही आणि चहा-नाश्त्यावर मैदान चालत नाही.

रावपुरा_३९
दादा, गाव आधी सांगितले असते तर कोथरूडकरांचे श्रम वाचले असते. मैदान नऊ होलचे (चेंडू घालायच्या खळग्यांचे) की अठराचे? जमीन कोणाची? नोंदणी कोणत्या कायद्याखाली? पाणी कुठून येते? आणि मुख्य म्हणजे आजीव सभासद किती आहेत? आपल्या गावातल्या जुन्या संस्थांचे गाडे बहुधा तिथेच अडते.

दांडियाबाजारकर
नऊ होल. जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याची. नोंदणी १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली. पाणी दोन बोअरचे. आजीव सभासद निम्म्याहून अधिक असून त्यांनी पूर्वी एकदा रक्कम भरली, त्यानंतर ते काहीच देत नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा सखल भागातल्या ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) गाळ बसला आणि त्या दुरुस्तीत ठेवींचा मोठा भाग गेला. प्रश्न मात्र वर्गणीचाच आहे.

ताळेबंद
मी सनदी लेखापाल आहे आणि क्लबांची कामे पाहतो, म्हणून नीट लिहितो.

आपला खरा प्रश्न वर्गणीचा दर हा नसून ती कोण भरतो हा आहे. निम्म्याहून अधिक खेळाडू काही देत नसतील, तर उरलेल्यांची वर्गणी कितीही वाढवली तरी त्यांच्यावर अन्याय होईल आणि तेच आधी सोडून जातील. आजीव सभासदत्व म्हणजे मतदानाचा आणि प्रवेशाचा कायमचा हक्क. मैदानाची देखभाल कायमची फुकट, असा त्याचा अर्थ होतोच असे नाही. जुने प्रवेश अर्ज काढून पाहा. नियमांत वेळोवेळी होणारे बदल मान्य असल्याचे वाक्य त्यांत बहुधा असते. ते असेल तर वार्षिक देखभाल शुल्क सर्वांना सारखे लावण्याची वाट मोकळी आहे.

प्रवेश शुल्क चालू खर्चात वापरणे यंदापासून थांबवा. ती भांडवली रक्कम आहे.

आता कराचे. वर्गणी असो वा विशेष आकारणी, दोन्हींवर १८ टक्के जीएसटी लागतो. क्लब आणि सभासद वेगळे नाहीत हे परस्परतेचे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये उचलून धरले होते. पण २०२१ च्या वित्त कायद्याने १ जुलै २०१७ पासूनच्या पूर्वलक्षी प्रभावाने दोघांना वेगळे मानणारी तरतूद आणली. केरळ उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ती घटनाबाह्य ठरवली, तरी त्या भरवशावर गुजरातेत कर न आकारणे धोक्याचे आहे. वीज आणि डिझेल यांवर जीएसटी लागत नसल्यामुळे आपल्या सर्वांत मोठ्या खर्चांवर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. बँकेतील ठेवींचे व्याज प्राप्तिकरातून सुटत नाही, हे बंगलोर क्लबच्या २०१३ च्या आणि सिकंदराबाद क्लबच्या २०२३ च्या निकालांनी स्पष्ट केले आहे.

हिरवळ
तुम्ही सगळे उत्पन्नाच्या मागे लागला आहात आणि खर्च कोणीच पाहत नाही. दोन बोअर आहेत म्हणजे वीजबिलाचा मोठा भाग पंपाचा असणार. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर. नऊ होलचे मैदान २५ हेक्टर धरले आणि रोज पाच मिलिमीटर दिले, तर साडेबारा लाख लिटर होतात. नऊ ग्रीन मिळून जेमतेम अर्धा हेक्टर भरतात, म्हणजे त्यांना २५,००० लिटर पुरतात. टी (पहिला फटका मारायची जागा) आणि फेअरवे (टी ते ग्रीनमधला कापलेला पट्टा) यांवर चेंडू जिथे पडतो त्या जागा मिळून चार हेक्टर धरल्या, तरी एकूण सव्वादोन लाखांच्या वर जात नाही. बाकीची हरळी उन्हाळ्यात पिवळी पडू द्या. ती मरत नाही, पहिल्या पावसात पुन्हा फुटते.

आणखी एक. ग्रीन कापणाऱ्या मोवरचे रील (गोल फिरणारी पाती) आणि खालचे स्थिर पाते यांच्यामध्ये वर्तमानपत्राची पट्टी धरून रील हाताने फिरवून पाहा. पट्टी कात्रीने कापल्यासारखी तुटली पाहिजे. ती चुरगळली तर यंत्र गवतही फाडते आहे. अशा गवताची टोके पांढुरकी होतात, त्याला पाणी जास्त लागते आणि रोगही लवकर येतो. धार लावण्याचे पैसे वाचवणारा क्लब ते औषधांवर घालवतो.

माळरान
त्याहून सोपे म्हणजे ग्रीनच काढून टाका. पूर्वी आपल्याकडे पुष्कळ मैदानांवर तेल मिसळलेल्या वाळूचे ‘ब्राउन’ असत आणि लोक त्यांवर आनंदाने खेळत. पाणी नको, मोवर नको.

हिरवळ
बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या मैदानात जमिनीत तेल ओतण्याचा सल्ला कृपया देऊ नका. शिवाय वर्गणी वाढवायची आणि त्याच वर्षी गवत काढून वाळू घालायची, हे कोणता सभासद मान्य करील?

कोथरूडकर
बार नाही तर बाहेरच्यांना ग्रीन फी (एका खेळाचे शुल्क) घेऊन खेळू द्या. कंपन्यांच्या स्पर्धा घ्या. वडोदऱ्याच्या आसपास कारखाने थोडे आहेत का?

ताळेबंद
बाहेरच्यांकडून आलेले उत्पन्न सभासदांमधील परस्परतेत बसत नाही, त्यावर प्राप्तिकर लागेल. कर भरूनही परवडत असेल तर जरूर करा, पण हिशोब वेगळा ठेवा.

रावपुरा_३९
जागेचाही हिशोब करा. चौघांचा गट दर दहा मिनिटांनी सोडला तर तासाला २४ खेळाडू होतात. मे महिन्यात सकाळी नऊनंतर कोण खेळणार? रविवारी सभासदालाच वेळ मिळेनासा झाला तर तो वर्गणी कशाची भरेल? पाहुण्यांना हिवाळ्यात सोमवार ते शुक्रवारच ठेवा.

इतिहासप्रेमी
रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ मध्ये स्थापन झाला आणि ब्रिटनच्या बाहेरचा तो सर्वांत जुना क्लब मानला जातो. बडोद्यातही लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात मैदान आहे. या परंपरेवर एखादी स्मरणिका काढावी असे सुचवतो.

दांडियाबाजारकर
स्मरणिका पुढे पाहू. पाण्याचा हिशोब मी आजच आमच्या मुख्य माळ्यासमोर ठेवला. कडेच्या भागातील तुषार सिंचन बंद करायला तो लगेच तयार झाला, त्याला आजवर तसे कोणी सांगितलेच नव्हते. जुने अर्जही काढले, ताळेबंद साहेबांनी लिहिलेले वाक्य त्यांत आहे. आता शेवटचे विचारतो. पुराच्या दुरुस्तीत गेलेली रक्कम भरून काढायला आकारणी घ्यावी की सभासदांकडून परत करायची ठेव? आणि देखभाल शुल्क वर्गणीवाढीच्याच ठरावात घालावे का?

ताळेबंद
ठेव घ्या. परत करायची ठेव जोपर्यंत शुल्कापोटी वळती होत नाही तोपर्यंत तिच्यावर जीएसटी नाही आणि सभासदालाही ती देताना जड जात नाही. मात्र परतफेडीची तारीख ठरावातच लिहा. देखभाल शुल्काचा ठराव पूर्ण वेगळा मांडा, म्हणजे आजीव सभासदांनी तो पाडला तरी वर्गणीवाढ वाचेल. नियम बदलायचा असल्याने सूचनेची मुदत आणि लागणारे बहुमत तुमच्या घटनेत काय दिले आहे, ते सूचना छापण्यापूर्वी वाचा.

दांडियाबाजारकर
घटनेत दोन तृतीयांश बहुमत आणि २१ दिवसांची सूचना आहे. तीन ठराव वेगवेगळे करून मसुदा आज रात्री समितीला पाठवतो. आजीव सभासदांपैकी जे आजही रोज सकाळी खेळायला येतात, त्यांच्याशी सभेआधी मी स्वतः बोलणार आहे.