गोव्याच्या चिऱ्यावर ट्यूबलेस: आधी साइडवॉल बघा, नॉब नंतर

डिचोलीचा_२९र

पाऊस सरत आला की दरवर्षी तोच प्रश्न येतो: 'डोंगरी सायकल ट्यूबलेस करतोय (आत ट्यूब नाही, भोकं बुजवायला सीलंट नावाचा लॅटेक्सचा द्रव), कुठला टायर घेऊ?' आणि उत्तरं येतात ती नॉबच्या, म्हणजे टायरवरच्या उंचवट्यांच्या, फोटोंवरून. कोणी मॅक्सिसचा मिनियन सांगतं, कोणी श्वाल्बेची मॅजिक मेरी. दोन्ही चांगले टायर आहेत. पण एकच टायर तीन-चार वेगवेगळ्या केसिंगमध्ये, म्हणजे रबराखालच्या कापडी सांगाड्यात, मिळतो, आणि गोव्यात टायर बाद होतो तो नॉब झिजून नव्हे, साइडवॉल (टायरची बाजू) फाटून. माझं स्पष्ट मत: आधी केसिंग ठरवा, मग रबर, नॉबची नक्षी शेवटी.

कारण आपली जमीन. सुकूरचं पठार घ्या, वेर्ण्याचं घ्या, नाहीतर आमच्या डिचोली-साखळीकडच्या काजूच्या बागांतल्या पायवाटा. खाली सगळा जांभा. खाणीतून काढताना तो मऊ असतो, उघड्यावर पडला की त्यातल्या लोहामुळे टणक होत जातो. वरून भोकाभोकाचा, आणि झिजलेल्या प्रत्येक भोकाची कड धारदार. ती कड टायरला बाजूने खरवडते, म्हणजे नेमकी जिथे रबर सगळ्यात पातळ. सोडून दिलेल्या चिरेखाणीच्या काठाने वाट जात असेल तर अर्धवट कापलेले चिरे कोपरे वर काढून पडलेले असतात, तिथे तर बोलायलाच नको.

सीलंट सगळं सांभाळतं हा मोठा गैरसमज आहे. करवंदीचा काटा ट्रेडमध्ये (जमिनीला टेकणाऱ्या भागात) रुतला, उपटला, भोक खाली आणून चाक धरलं, पांढरा थेंब आला आणि बंद झालं. इथवर ठीक. साइडवॉलवर नखाएवढी चीर पडली की लॅटेक्स नुसतं फवारत राहतं. रबराची स्ट्रिप घातली तरी टिकत नाही, तिला धरून ठेवायला तिथे जाडीच नसते.

म्हणून मागच्या चाकाला जाड केसिंग, मॅक्सिसचं डबलडाउन किंवा श्वाल्बेचं सुपर ग्रॅव्हिटी; पुढच्याला त्यांचंच जरा हलकं, एक्सो-प्लस किंवा सुपर ट्रेल. रबर मागे जरा कडक, पुढे मऊ. मागच्या चाकावर भार जास्त, चढावर तेच घासतं, ब्रेक दाबला की तेच फरफटतं. पुढचं सुटलं तर माणूस आपटतो, मागचं सुटलं तर बहुतेकदा सावरता येतं.

घाटचढ

अजिबात पटलं नाही. दोन थरांचं केसिंग म्हणजे एका टायरमागे पाव किलोच्या आसपास ज्यादा, आणि तेही चाकाच्या परिघावर, जिथे प्रत्येक ग्रॅम पायाला कळतो. आपल्याकडे वर नेऊन सोडणारी लिफ्ट नाही. जेवढं उतरायचं तेवढं आधी स्वतः चढायचं, आणि एप्रिलच्या दमट हवेत केरीकडून चोर्ल्याच्या अंगाला लागलं की टायर नेमका किती जड आहे ते समजतं.

दुसरं, जाड केसिंग ताठ असतं. ऐंशी किलोच्या माणसाखाली ते दबतं, माझ्यासारख्या साठ किलोवाल्याखाली दबत नाही, दगडावरून उसळतं. पकड मिळावी म्हणून हवा उतरवत गेलं की तुम्ही वाचवलेलं रिम पुन्हा धोक्यात. माझ्या मते निम्मे टायर जांभ्यामुळे नव्हे, कमी हवेमुळे फाटतात. दगड आणि रिम यांच्यात टायर चेपला जातो आणि दोष दगडाला. हलकं केसिंग घ्या, मागे हवेचा दाब २६-२७ पीएसआय ठेवा, आणि दर राइडआधी गेजने (दाबमापकाने) मोजा. अंगठ्याने दाबून नव्हे.

डिचोलीचा_२९र

गेजचं शंभर टक्के मान्य. पण फाटलेला टायर हातात घेऊन बघा, तो स्वतःच सांगतो. चेपून फाटला असेल तर चीर बीडच्या (टायरची रिममध्ये बसणारी कड) लगत असते आणि रिमवर त्याच जागी ठोका सापडतो. जांभ्याने कापला असेल तर चीर साइडवॉलच्या मध्यावर, तिरकी, आजूबाजूला खरवडल्याच्या रेघा, आणि रिम स्वच्छ. आमच्या भागात मी पाहतो ते बहुतेक दुसऱ्या प्रकारचे. त्यावर ३० पीएसआय भरूनही उपयोग नाही.

फोंडेकरीण

तुम्ही दोघंही कोरड्या महिन्यांबद्दल भांडताय. मी पावसाळ्यातच जास्त चालवते, आणि तिथे तुमचा क्रम उलटा होतो.

जून लागला की जांभ्यावर शेवाळ धरतं. ओल्या दगडात नॉब रुतत नाही, कितीही उंच असो. तिथे पकडतं ते फक्त रबर. मिनियन ६०ए आणि ४२ए अशा दोन रबरांत मिळायचा. हा कडकपणाचा आकडा, जितका कमी तितकं मऊ. ज्यांनी दोन्ही चालवले आहेत त्यांना ओल्या दगडावरचा फरक पहिल्याच वळणावर जाणवला असेल. मॅक्सिसचं मऊ रबर, मॅक्सग्रिप, लवकर झिजतं म्हणून घाबरता, पण मनगट मोडण्यापेक्षा टायर झिजलेला परवडला.

नक्षीही शेवटी नको. लाल चिखल नॉबमध्ये भरला की टायर गुळगुळीत होऊन बसतो. मॅक्सिसचा असेगाई मला कोरड्या मुरमावर फार आवडतो, पण चिकट चिखलात विरळ, उंच नॉबवाली मॅजिक मेरी लवकर मोकळी होते. आणि 'मागचं सुटलं तर सावरता येतं' हे ओल्या उतारावर, एका बाजूला चिरेखाण असताना, मी कोणालाही सांगणार नाही.

सत्तरीवाला

बाब, एवढा सगळा खर्च सांगण्याआधी हेही सांगा की ट्यूबलेस सगळ्यांसाठी नाही. १९९९ मध्ये माविक, हचिन्सन आणि मिशेलिन यांनी यूएसटी ही ट्यूबलेस पद्धत आणली तेव्हाचा टायर सीलंटशिवाय हवा धरायचा, जाड असायचा. आताचे ट्यूबलेस-रेडी टायर पातळ आणि सीलंटच्या जिवावर. आपल्या उन्हाळ्यात ते सीलंट दोन-तीन महिन्यांत सुकतं. जो महिन्यातून एखाद्या रविवारी सायकल काढतो, त्याच्या टायरात शेवटी रबराची पापडी आणि व्हॉल्व्हमध्ये गोळा एवढंच उरतं. त्याने ट्यूब घालावी, दोन सुट्या ट्यूब पिशवीत ठेवाव्यात.

डिचोलीचा_२९र

जो देखभाल करणार नाही त्याच्यासाठी बरोबर आहे. पण देखभाल म्हणजे काय? चाक काढून कानाशी हलवायचं. खळखळ ऐकू आली तर ठीक, नाहीतर व्हॉल्व्हचा कोअर (आतला सुटणारा भाग) काढून सीलंट भरायचं, २९ इंची टायरला १०० मिली धरून चला. घरच्या पंपाने बीड बसत नसेल तर सायकलच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला लागणारं पितळी अडॅप्टर घेऊन दहा मिनिटांसाठी चाक पेट्रोल पंपावर न्यायचं. मात्र वाटेत सीओटू (कार्बन डायऑक्साइड) काडतुसाने हवा भरली तर घरी आल्यावर ती हवा सोडून साधी भरा, त्या वायूने बरीचशी लॅटेक्स सीलंट गोठतात.

ट्यूबने कमी हवेत चालवता येत नाही, दगडावर आपटलं की सापाच्या दातांसारखी दोन भोकं. जांभ्यावर पकड हवी तर हवा कमी लागणारच.

नवा_स्वार

मी फर्मागुडीच्या बाजूला राहतो. सायकल हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन) आहे, रिमची आतली रुंदी २५ मिमी, माझं वजन ७४ किलो. दुकानदार २.५ इंची डब्ल्यूटी (मॅक्सिसचा 'वाइड ट्रेल') घ्या म्हणतो. घेऊ? आणि मोलेच्या जंगलात कधी चालवता येईल?

डिचोलीचा_२९र

नको. डब्ल्यूटीचा आकार ३०-३५ मिमी रिमसाठी केलेला आहे, २५ वर तो गोल फुगतो आणि कडेचे नॉब जमिनीपासून दूर जातात. २.३ किंवा साधा २.४ घ्या. मोले अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय आत सायकल नेऊ नका. सुरुवातीला पठारं पुरेशी आहेत.

फोंडेकरीण

आणि पुढचा मऊ रबराचाच घे. पैसे कमी पडले तर मागचा जुना राहू दे, पण पुढच्यात काटकसर नको.

घाटचढ

हार्डटेल असेल तर मागे जड केसिंग घे, तिथे मीही नाही म्हणत नाही. मागे सस्पेन्शन नाही, सगळा मार टायर आणि रिम खातात. फुल सस्पेन्शनवर मात्र माझं मत तेच आहे, आणि डिचोलीकरांनी मला तो फाटलेला टायर हातात आणून दाखवावा, चीर कुठे आहे ते दोघं मिळून बघू.