इशापूरच्या २ए१ रायफलचं लाकूड घासून नवं करावं का?

ह्यूस्टनकर:
नमस्कार मंडळी. इथल्या गन शोमध्ये इशापूरची २ए१ मिळाली. बट सॉकेटवर (बट, म्हणजे खांद्याला टेकवायचं लाकूड, जिथे बसतं त्या पोलादी भागावर) आर.एफ.आय., म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर, आणि १९६७ स्वच्छ वाचता येतं. बाकी सगळा आनंद: पोलादावर तपकिरी चिकट ग्रीस, लाकूड काळंठिक्कर, बटला पोचे. बेत असा, की आधी बट काढायची, मग पुढचं लाकूड, सगळीकडे सँडपेपर, वर चकचकीत पॉलिश. बोल्टचा (काडतूस आत ढकलून मागून बंद करणाऱ्या दांड्याचा) नंबर बॉडीशी जुळत नाही, बिघडतं का? शेजारचे आजोबा थ्री-नॉट-थ्रीची जुनी काडतुसं देतायत. चालतील ना?

जुना_आर्मोरर:
आधी काडतुसं. अजिबात नाही! दिसायला ही थ्री-नॉट-थ्रीची सख्खी बहीण, पण १९६२ च्या युद्धानंतर इशापूरने तीच घडण चांगलं पोलाद वापरून ७.६२ नाटो काडतुसासाठी बनवली. मॅगझिन बघा, चौकोनी आहे. आजोबांना चहा पाजा, डबा परत करा.

नंबर जुळत नाही म्हणजे बोल्ट बदललेला. गन्समिथकडून हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतुसाचं बूड यांतली जागा) गेज लावून तपासून घ्या, तोवर एकही राउंड नको.

आता बट. ती आधी काढायची नाही. बटच्या आतल्या, तिला आवळून धरणाऱ्या लांब बोल्टचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड जागेवर असताना तो बोल्ट फिरवलात की लाकूड चिरलंच. म्हणून आधी पुढचं लाकूड, मग बट. जोडताना उलटं.

सँडपेपर कपाटात ठेवा. लाकडावरचे शिक्के एकदा घासले गेले की संपलं, आणि संग्राहक शिक्केच बघतो. रायफल खोलून सुटे भाग काळ्या पिशवीत घालून उन्हात ठेवा, टेक्सासचं ऊन फुकट आहे. ग्रीस पाझरेल तसं पुसा, उरलेलं मिनरल स्पिरिटने. पोच्यावर ओला फडका, वर गरम इस्त्री. दबलेलं लाकूड फुगून वर येतं. तुटलेलं येत नाही, ते राहू द्या. मग जवसाचं तेल, अगदी पातळ हात. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतो. पाण्यात बुडवा.

मुळशीवाला:
एनसीसीत फुलथ्रू (नळी साफ करायची दोरी) आणि चिंदीवर आमची हयात गेली, म्हणून दोन पैसे माझेही. पुढच्या लाकडातून आडवा गेलेला स्क्रू दिसला तर कुणी नंतर ठोकलाय असं समजू नका. लाकूड फाटू नये म्हणून इशापूरनेच घातलेला असतो. बाकी साहेबांशी एका बाबतीत वाद आहे: मळ म्हणजे इतिहास नव्हे. तेल लावण्याआधी काळा थर नीट काढा, नाहीतर तोच आत मुरवाल.

जुना_आर्मोरर:
वाद कसला, बरोबर आहे. स्पिरिट आणि जुना टूथब्रश. सँडपेपर तरीही नाही.

ह्यूस्टनकर:
बरं झालं आधी विचारलं, पाना हातातच होता. बटवर पांढऱ्या रंगात एक आकडा आहे, स्पिरिटने जाईल. घालवू?

जुना_आर्मोरर:
बहुतेक रॅक नंबर, म्हणजे शस्त्रागारातल्या रॅकवरचा क्रमांक. त्यावर टेप लावा आणि बाजूने पुसा. आणि उद्या उघडण्याआधी चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं आहे ना, ते बोट घालून बघा. मला फोटो नको, बोट घाला.